पाच आणि सहाची नोंद

शुक्रवारच्या बैठकीत कंपनीचा इंजिनियर एक वाक्य बोलला, सगळे हसले, आणि माझ्या कपातला चहा बशीत सांडला. एवढंच झालं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. आमच्या सांगलीच्या कचेरीत नद्यांच्या पाण्याच्या नोंदी ठेवतात. कृष्णेवर, कोयनेवर, वारणेवर जागोजाग चौक्या आहेत. चौकीवर एक माणूस, पाण्यात रोवलेली आकड्यांची पट्टी आणि एक नोंदवही. तासाला पट्टी बघायची, वहीत लिहायचं. त्या वह्या आमच्याकडे येतात, आमच्याकडच्या मुली त्यावरून कार्डांना भोकं पाडतात, आणि मागच्या खोलीतलं जुनं यंत्र ती कार्डं गिळून बेरजा ओकतं. ते यंत्र आता पार थकलंय, निम्मा आठवडा आजारी असतं. नवं घ्यायला वरून मंजुरी आली आणि कुठलं घ्यायचं याची शिफारस माझ्या गळ्यात पडली, कारण मी नोंद विभागाचा प्रमुख. दोन यंत्रांचे कागद माझ्या टेबलावर महिनाभर पडून आहेत. एकाचा प्रोसेसर लहान, आठ हजार शब्दांची मेमरी, रोजची सरासरी तेवढी ठेवणार, तीही अडुसष्ट सालापासूनची. त्याआधीच्या वह्या त्याला पेलणार नाहीत, त्या गोदामात जाणार, म्हणजे पुढेमागे रद्दीत. दुसऱ्याचा प्रोसेसर मोठा, मेमरी चौपट, सोबत दोन चुंबकी तबकड्या. वीस वर्षांच्या सगळ्या चौक्यांच्या तासातासाच्या नोंदी पोटात घेणार, आणि नुसत्या घेणार नाही, एकमेकींशी ताडून बघणार. वरच्या चौकीवरून सुटलेलं पाणी खालच्या चौकीवर किती तासांनी पोचतं याचा हिशेब ठरलेला असतो. खालच्या माणसाचा आकडा त्यात बसला नाही की यंत्र त्याच्यापुढे फुली छापणार. हे समजावून सांगताना तो इंजिनियर खूश होऊन म्हणाला, साहेब, दहा वर्षांपूर्वी रात्री कोण झोपला होता, तेही हे सांगेल. सगळे हसले. मीही हसलो असणार. मग बशीतला चहा मी खिडकीतून बाहेर ओतला.

माझा थोरला भाऊ जोतीराम अशाच एका चौकीवर होता. धरणाच्या खाली, कोयनेच्या काठावर. तिथे दोन माणसं होती. दिवसाचा माणूस गावातून यायचा आणि रात्रीची पाळी दादाची. रात्रीच्या माणसाला चौकीतच राहायला दोन खोल्या मिळायच्या, म्हणून नवीन लग्न झालेल्या दादानं ती पाळी हौसेनं मागून घेतली होती. आठ वर्षं त्यानं ती केली. सदुसष्टच्या डिसेंबरात पहाटे सव्वाचारच्या पुढे जमीन हलली आणि चौकीच्या दगडी भिंती आत बसल्या. दादा आत होता. वैनी वाचली. हे सगळ्या खात्याला माहीत आहे. खात्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे, की त्याच्या वहीतली शेवटची नोंद चार वाजताची होती. म्हणजे भूकंपाच्या वीस मिनिटं आधी तो नदीवर जाऊन पट्टी वाचून आला होता. ती वही हातात घेऊन तेव्हाच्या साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली होती. कामावर असताना गेला, असं कागदावर लागलं, आणि त्या एका ओळीवर आमच्या हरणावैनीला साताऱ्याच्या कचेरीत शिपाईणीची जागा आणि राहायला एक खोली मिळाली. आता तिसरी गोष्ट, जी फक्त मला माहीत आहे. ती वही ढिगाऱ्यातून मीच काढली. तिच्यात चारनंतर पाचचीही नोंद होती आणि सहाचीही. सव्वाचारला मेलेला माणूस सहा वाजताचं पाणी लिहून गेला होता.

म्हणजे आता तुम्हीच बघा. पुढचे दोन तास आधीच लिहून ठेवणारा माणूस मागचे तास काय करत असेल? आम्हा कचेरीतल्या लोकांना हे चांगलं ठाऊक असतं. थंडीवाऱ्याचं कोण उठतं, दोन पावलांवर नदी, कालचं पाणी आठवतं, बोटभर इकडे नाही तर तिकडे, लिहून टाकलं की झालं. आमच्यात त्याला घरात बसून पाणी मोजणं म्हणतात. आणि मोठं यंत्र आलं तर ते अडुसष्टच्या मागे जाणार, दादाच्या आठ वर्षांच्या रात्री एकेक करून उलगडणार, आणि फुल्यांच्या रांगा लावणार. कुणीतरी तो कागद घेऊन येईल आणि विचारील, हा जोतीराम म्हणजे तुमचाच ना. मग ती टोपी काढल्याची गोष्ट, वैनीची जागा, तिची खोली, सगळं कुठल्या तोंडानं सांभाळायचं? लहान यंत्र घेतलं की काहीच होत नाही. वह्या गोदामात जातील, वाळवी खाईल, कुणाचं काही बिघडणार नाही. शिफारस माझ्या हातात आहे. सोमवारी द्यायची आहे.

कुणाचं काही बिघडणार नाही, असं मी म्हटलं खरं, पण ते खोटं आहे आणि ते मला शुक्रवारीच माहीत होतं, कारण बैठक सुटल्यावर आदगोंडा माझ्याबरोबर सायकल हातात धरून पुलापर्यंत चालत आला. आदगोंडा माझ्या हाताखाली कार्डांचा विभाग बघतो, पण आमचं अरेतुरे चालतं. कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, गणितात हुशार, बोलायला फटकळ. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात त्याची आत्या गेली. राजमती अक्का म्हणायचे तिला, घरात एकटी असायची. त्या रात्री वरच्या एका चौकीच्या माणसानं रात्रभर एकच आकडा लिहिला होता, संध्याकाळचाच. पाणी तीन पुरुष चढलं तरी वहीत ते संध्याकाळच्याच जागी उभं होतं. आम्ही तो आकडा धरून गावांना कळवलं की घाबरायचं कारण नाही. आदगोंडा पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून म्हणाला, "मोठंच घ्यायचं बघ, आकाराम. किती का महाग असंना." मी म्हटलं, जागा लागते, गार हवेची खोली लागते, माणसं शिकवायला लागतात. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आकडा खोटा असला की मानसं मरत्यात रं. आपण कचेरीत बसून ते इसरतो." त्याला माझ्या मनातलं काही ठाऊक नव्हतं, तो आपलं सरळ बोलत होता. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. खाली घाटावर दोन बायका चादरी आपटत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिलो आणि म्हटलं, बघू.

घरी जाऊन मी लहान यंत्राची शिफारस लिहिली. छान लिहिली. मला असं लिहायला चांगलं जमतं, पंचवीस वर्षं तेच करतोय. कचेरीच्या आजच्या गरजा, विजेचा भरवसा नाही, दुरुस्तीला माणूस लांबून येणार, मोठ्या प्रोसेसरची निम्मी ताकद रिकामी पडून राहील. एकेक मुद्दा खरा होता. सगळे मुद्दे खरे असून कागद खोटा कसा असू शकतो हे त्या दिवशी मला नीट कळलं. बायको म्हणाली, जेवायला वाढलंय, कधीची हाक मारतेय. जेवताना मला सारखं नऊ वर्षांपूर्वीचं एक ब्लेड आठवत राहिलं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्याहून मदतीच्या ट्रकमधून मी दादाच्या चौकीवर पोचलो होतो. घाईत पिशवीत काय काय कोंबलं होतं, त्यात दाढीचं सामान. अशा वेळी माणूस दाढीचं सामान कशाला घेतो? दादाला तोवर सकाळीच लाकडं लागली होती. माझी गाठच पडली नाही. वैनी बाभळीखाली घोंगडं पांघरून बसली होती, केसांत माती, आणि आजूबाजूच्या बायका तिला काहीबाही भरवायला बघत होत्या. मी तिच्याजवळ गेलो नाही. मी लोकांबरोबर दगड उचलत राहिलो, कारण दगड उचलणं सोपं होतं. पत्र्याची पेटी सापडली, तिच्यात वही. मी बांधाच्या आड जाऊन उघडली, दादाचं अक्षर बघायला, एवढंच. दादाचं अक्षर फार सुंदर होतं. आकडे तर ठसठशीत, शाळेच्या फळ्यावर मास्तरांनी काढावेत तसे. चार. पाच. सहा. आधी मला काही समजलंच नाही. मग समजलं, आणि मला त्याचा असा राग आला की काय सांगू. रडू नाही आलं, राग आला. मेल्यावरसुद्धा पकडला गेलास, असं वाटलं. मग मी ब्लेड काढलं आणि दोन्ही आकडे खरवडले. निळी शाई होती, कागदाचा भुसा होऊन हातावर पडला. वरून जराशी माती चोळली. ढिगाऱ्यातलीच वही, माती असायचीच. नऊ वर्षांत मी ते कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, आणि दादावरचा तो रागही पुरता गेलेला नाही. त्याचा फोटो भिंतीवर आहे, आम्ही त्याला हार घालतो, आणि हार घालताना दर वेळी माझ्या मनात येतं, झोपला होतास ना रे.

शिफारस लिहून झाली होती, खिशात होती, तर रविवारी मी साताऱ्याची एसटी का पकडली? मलाच विचारत बसलो वाटभर. कऱ्हाडला गाडी अर्धा तास थांबली, मी खाली उतरलो, शेंगदाण्याची पुडी घेतली आणि न खाता खिशात ठेवली. माझ्यापुढच्या बाकावर एक फौजी रजेवरून घरी चालला होता, ट्रंकेवर हात ठेवून झोपला होता, आणि दर खड्ड्याला जागा होऊन कुठं आलं विचारत होता. कदाचित वैनीनं सांगावं असं मला वाटत होतं, की भावजी, लहानच घ्या. म्हणजे तो गुन्हा माझा एकट्याचा राहणार नव्हता. तिच्यासाठी केलं असं मला म्हणता आलं असतं. किती घाणेरडा विचार. पण माणूस एसटीत तीन तास बसला की असलेच विचार करतो. तिला मी वर्षातून दोनदा भेटतो. चोळीला खण, थोडा गूळ, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी, आणि उठतो. नऊ वर्षांत मी तिला त्या पहाटेचं एक अक्षर विचारलेलं नाही. लोक म्हणतात, आकारामाचा जीव हळवा, वहिनीच्या जखमेला हात लावत नाही. जखम कसली. मला भीती वाटत होती की ती खरं सांगेल.

वैनी खोलीच्या उंबऱ्यात उन्हाला पाय सोडून शेंगा फोडत बसली होती. मला बघून पदर नीट केला, उठायला लागली, मी बस म्हटलं. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. कचेरीत दिवसभर पाण्याचे माठ भरायचे, फायली या खोलीतून त्या खोलीत न्यायच्या, तरी हाडं चिवट. तिनं चहा केला, त्यात आलं घातलं होतं. मग पुन्हा शेंगांच्या टोपलीपाशी बसली. मी यंत्राचं सांगायला सुरुवात केली, आणि आडवळणानं सांगता सांगता माझी मलाच चीड आली. लहान यंत्र, मोठं यंत्र, प्रोसेसर, तबकड्या. ती बिचारी मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "भावजी, मला अडानीला ह्यातलं काय कळनार. पन तुमी साताऱ्याला यंत्राचं सांगाय आला न्हाई. तुमचं तोंड उतरलंय. काय झालं?"

मग मी एकदम बोललो. म्हटलं, "वैनी, दादाच्या वहीत त्या पहाटे पाच आणि सहाची नोंद आधीच लिहिलेली होती."

टोपलीतल्या शेंगेवर तिचा हात थांबला. मला वाटलं आता ही रडेल, किंवा माझ्यावर संतापेल, किंवा म्हणेल मला काय ठाऊक. ती म्हणाली, "व्हय. लिवली हुती."

"तुला माहीत होतं?"

"माज्याम्होरंच लिवली."  शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावला होता, आकाशवाणीवर बाजारभाव चालले होते. तिनं आवाज खाली आणला. "तुमच्या भावाला रातचं दिसत न्हवतं, भावजी. तुमाला ठावं हाय का न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. सख्खा भाऊ मी, एका घोंगडीत झोपलेलो, आणि मला ठाऊक नव्हतं. आणि ती हे बोलली त्याच क्षणाला मला सगळं ठाऊक झालं. दिवेलागण झाली की दादा खांद्यावर हात टाकून चालायचा. मला वाटायचं, माया. जत्रेतला तमाशा बघायला पोरं निघायची तेव्हा तो म्हणायचा, मला आवडत नाही ती थेरं. आईच्या तेराव्याला अंधार पडल्यावर तो ओट्यावरून खाली पडला होता, आणि आम्ही भाऊबंद आपसात म्हणालो, थोडी घेऊन आला वाटतं. कुणालाही तोंडावर विचारलं नाही. डॉक्टरनं नोकरीच्या वेळी डोळे तपासले ते दिवसा, खिडकीपाशी. आणि या माणसानं नोकरी कुठली घेतली, तर रात्रीच्या पाळीची.

"मग पट्टी कोण वाचायचं?" मी विचारलं, जसं काही मला अजून कळायचं बाकी होतं.

"मी." ती शेंग फोडायला लागली, पण दाणे टोपलीतच पडत होते. "पयलं चार दिस ते काटी घिऊन जायाचे, चाचपडत. दोनदा पान्यात गेले. मग म्या म्हटलं, तुमी बसा, मी जाते. मला वाचाय येत न्हाई, पन पट्टीवर काळं-पांढरं पट्टं हुतं की. त्यांनी मला शिकवलं. मोठा पट्टा म्हंजी फूट, बारकी खून म्हंजी त्याच्या धा भागातला एक. मी कंदील घिऊन जायाची, बघायची, माघारी यिऊन सांगायची. त्ये लिवायचे. तासाला. पावसाळ्यात लय वंगाळ हुतं, पाय निसटायचा. पन चुकवलं न्हाई कवा. आठ वर्सं. त्ये म्हनायचे, हरणा, आकडा बराबर सांग, खाली सांगलीपातूर लोकं ह्याच्यावर झोपत्यात."

 माझ्या खिशात तो कागद होता. तिथे माझ्या बोटांना त्याची घडी लागत होती. मी आठ वर्षांच्या रात्री रद्दीत घालायला निघालो होतो, आणि कशासाठी, तर ज्या बाईनं त्या उभ्यानं काढल्या तिची शिपाईणीची जागा वाचवायला. मला माझी लाज वाटली, आणि त्याहून जास्त दादाची दया आली. नऊ वर्षं मी त्याच्या फोटोपुढे उभं राहून त्याला झोपाळू म्हणत होतो. तो जागा असायचा. आठ वर्षं रात्रभर आंधळा होऊन खोलीत जागा बसायचा, बायको नदीवरून परत येतेय का ते कान लावून ऐकत. पावसाळ्यात कसं बसत असेल? मी असतो तर बसू शकलो असतो का?

"आन् त्या दिशी," वैनी म्हणाली, "मला कनकन हुती. अंग तापलेलं. चारला जाऊन आले, सांगितलं. त्यांनी लिवलं. मग माज्या कपाळाला हात लावून बघितला आन् म्हनाले, आता तू न्हाई जायाचं. पाच आन् साचं मी लिवतो, तू पड. म्या म्हटलं, आवं, खोटं कसं लिवायचं. तर म्हनाले, दोन तासानं काय नदी पळून जात न्हाई. तितंच बसून लिवलं दोनी. त्येवढं दोनच बगा, आठ वर्सांत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग मी पडले. पन मला भायेर जायाचं आलं. तांब्या घिऊन बांधाकडं गेले. बसतीया न बसतीया तंवर जमीन उठली. मागं वळून बघितलं तर घर न्हाई. मी तांब्या घिऊन तशीच हुबी. ही गोष्ट म्या कुनाला सांगितली न्हाई भावजी, काय सांगायची? कुनी इचारलं बी न्हाई."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे तिचं सांत्वन करत होतो. साहेबांनी केलं, भावकीनं केलं, मी नऊ वर्षं खण आणि गूळ देऊन केलं. ती मात्र कामाला जात होती, फायली नेत होती, आणि आमच्या सांगलीच्या कपाटांत पडलेल्या त्या वह्यांतलं एकेक पान तिला माहीत होतं, पाऊस कुठल्या रात्री किती आणि पाणी कुठल्या पट्ट्यावर. मी खिशातला कागद काढला आणि तिला म्हटलं, हे लहान यंत्राचं लिहिलंय मी, ते घेतलं तर दादाच्या वेळच्या वह्या रद्दीत जातील. मोठं घेतलं तर सगळ्या त्याच्या पोटात राहतील, पुढे कितीही वर्षं, आणि पूर यायचा असला की यंत्र त्या बघून सांगेल. फक्त ते प्रत्येक आकडा तपासून बघतं.

"मग तपासू द्या की," ती म्हणाली. "माजं पानी खोटं न्हाई." आणि जरा लाजून, "रद्दीत नगा घालू, भावजी. लय थंडी खाल्लीया त्यापायी."

मी म्हटलं, मोठंच घेऊ. तो कागद मी फाडला, तुकडे शेंगांच्या टरफलांत पडले, तिनं ते वेचून चुलीकडे टाकले. मला हलकं वाटायला हवं होतं. काही वेळ वाटलंही. आदगोंड्याला सोमवारी काय सांगायचं ते मनात जुळवत होतो, आणि यंत्र दादाच्या चौकीची आठ वर्षं तपासून एकही फुली न छापता कागद बाहेर सोडतंय असं डोळ्यांपुढे बघत होतो. मग वैनी म्हणाली, "भावजी, एक इचारू का? कवापासनं मनात हाय. पाच आन् साचं त्यांनी काय लिवलं हुतं? त्यांनी मला सांगितलं न्हाई. म्या इचारलं न्हाई, मला झोप आलती. तुमी वही बघितली म्हनता, तर तुमाला ठावं असंल."

मी म्हटलं, "पाचला तीन फूट चार. सहाला तीन फूट पाच." पटकन सुचलं ते बोललो. आवाजही नीट आला. इतकी वर्षं मी आकड्यांत काढलीत, आकडा सांगताना माझा आवाज कधी कापत नाही.

तिनं मनाशी काहीतरी जुळवलं, बोटांवर. मग माझ्याकडे बघितलं. "चारला म्या तीनवर दोन सांगितलं हुतं. पानी उतरत हुतं त्या रातीला, सांजच्यापासनं उतरत हुतं. त्यांनी चढतं कसं लिवलं असंल? त्यांना नदी दिसत नसली तरी कळत हुती."

  शेवटी मी म्हटलं, "वैनी, ते मी खरवडले. ब्लेडनं. मला वाटलं, तो झोपला होता. कुणाला कळू नये म्हणून."

"खरवडायच्या आदी वाचलं असंल की."

"वाचलं होतं."

"मग?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, डोळे मिटून केला. वही दिसली, माती दिसली, बांध दिसला, ते ठसठशीत अक्षर दिसलं, हातावर पडलेला निळा भुसा दिसला. आकडे दिसले नाहीत. मला सांगली जिल्ह्यातल्या पन्नास वर्षांतल्या पुरांची पातळी तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "आठवत नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. टोपली बाजूला सरकवली, मांडीवरची टरफलं झटकली, आणि कुणाला दोष न देता, जसं काही हिशेबात राहिलेली एक गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "बाकी समदी वही माजीच हुती, भावजी. त्येवढं दोनच आकडं त्यांचं हुतं."